तांब्याचा तपास

घरातल्या समुद्री माशांच्या टाकीत विष कालवलं गेलंय हे घरच्यांना पटवणं, ते विष काढण्यापेक्षा अवघड. कारण सगळे आधी माशांकडे बघतात, आणि मासे ठणठणीत असतात. आमच्या क्लाउनफिशच्या जोडीला तर त्या दिवसांत भूकच आवरत नव्हती. इकडे गोगलगायी काचेवरून निसटून रेतीत उताण्या पडलेल्या, सरळ केल्या की पुन्हा उताण्या. प्रवाळ मिटून बसलेले. कोळंबी तर पाय वर करून पडलेली.

"अरे, झोपली असेल," बायको म्हणाली.

"तिसऱ्या दिवशीही?"

मासे मजेत आणि बिनकण्याच्यांचे हाल, म्हणजे पहिला संशय तांब्यावर. हा धातू मोठा विक्षिप्त. कोळंबीच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोसायनिन तांब्याशिवाय बनतच नाही, आणि पाण्यात तांबं थोडं जास्त झालं की तीच कोळंबी मरते. उलट माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी घालवायला वेगळ्या टाकीत लिटरला सुमारे 0.2 मिलिग्रॅम तांबं मुद्दाम घालतात. खुल्या समुद्रात ते लिटरला एक मायक्रोग्रॅमसुद्धा नसतं.

इतकं कमी मोजायचं कसं? घरगुती किटमध्ये नळीतल्या पाण्याचा रंग कार्डावरच्या रंगांशी जुळवायचा असतो. त्यावर आमच्याकडे कडाक्याचा वाद झाला. मला रंग दिसत होता, बायकोला दिसत नव्हता, आणि मुलाने कार्डच उलटं धरलं होतं. शेवटी पाणी प्रयोगशाळेत, धातू मोजणाऱ्या आयसीपी चाचणीला पाठवलं. तिथे नमुना धगधगत्या प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त वायूत फवारतात आणि प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश टाकत कबुलीजबाब देतं. मतभेदाला जागाच नाही.

तांबं निघालंच. जोडीला निकेल आणि लोहही, आणि खरा धागा या त्रिकुटातच होता. पण तो दिसण्याआधी संशयितांची धरपकड व्हायची ती झाली. आरओचं पाणी तपासलं, निर्दोष सुटलं. पंप उघडून त्याचा दांडा भिंगाखाली धरला. नळीवरची क्लिप स्टेनलेस म्हणून मिरवत होती, तिच्या स्क्रूवर गंज सापडला, तेव्हा मी आनंदाने ओरडलो. पण ती क्लिप टाकीच्या बाहेर होती आणि तिच्यावर पाण्याचा थेंबही पडत नव्हता. टाकीवर वाकणाऱ्या प्रत्येकाच्या अंगठ्या, बांगड्या, केसांच्या पिना काढून घेतल्या. पाहुणे येईनासे झाले.

आणि गुन्हेगार कोण, तर टाकीच्या आतून काच पुसायचा चुंबक! कुंपणानेच शेत खाल्लेलं. त्याच्या प्लास्टिकच्या कडेला केसाएवढी चीर, चिरेखाली तपकिरी फुगवटा, आणि नखाने दाबल्यावर त्यातून गंजाचा ओघळ. असल्या निओडिमियम चुंबकाच्या पोटात लोह असतं आणि वर बहुधा निकेल, तांबं, पुन्हा निकेल असा मुलामा. अहवालातली तिन्ही नावं एकाच पत्त्यावर राहत होती.

चुंबक गेला, तांबं राहिलं. एका वेळी पाव टाकी पाणी बदललं की 100चे 75, मग 56, मग 42. म्हणजे घाम आपला पूर्ण, तांबं मात्र अर्धवट. सोबत पाणी गाळणारा ताजा कार्बन आणि धातू शोषणारा पॅड. हा पॅड तांबं धरून निळसर होतो म्हणे, म्हणून मी दिवसातून इतक्यांदा तो उचलून बघायचो, की बायकोने झाकणावर चिठ्ठी लावली, 'पॅडला काम करू द्या.' त्यात खडक आणि रेतीही धातू धरून ठेवतात आणि सवडीने परत सोडतात. पाणी स्वच्छ झालं म्हणून हुरळून जावं, तर पुन्हा आकडा वर.

अखेर नवी गोगलगाय सोडली. ती काचेवर चढली आणि चढलेलीच राहिली. पुढच्या अहवालात तांबं जवळजवळ गायब होतं. मी बायकोला कागद दाखवला. तिने तो माझ्यापेक्षा नीट वाचला.

"हे कथिल कुठून आलं?"

प्लास्टिकच्या काही नळ्यांतून कथिल पाझरतं. आमच्या टाकीला नळ्याच नळ्या आहेत.

"नळ्यांना हात लावण्याआधी," ती म्हणाली, "निदान पाहुण्यांच्या अंगठ्या परत कर."