दाराची अखंड काच ‘एका दुपारात’ बसत नाही

परवा भाच्याने एक मजकूर पाठवला, खाली एकच ओळ: “मामा, रविवारी करून टाकू का?” मजकुराचं म्हणणं असं: जुन्या गाडीच्या दारातली पुढची तिकोनी काच निव्वळ शोभेची असते. ती आणि तिच्यामागची उभी पट्टी काढा, कुठल्याही काचवाल्याकडून दारभर एकच अखंड टफन्ड (उष्णतेने कणखर केलेली) काच मापाला कापून आणा, काच वर-खाली करणारा रेग्युलेटर जुनाच चालतो, एका दुपारात काम होतं, वाऱ्याचा आवाज कायमचा बंद. माझं उत्तर जाईपर्यंत पठ्ठ्याने एका दाराचं आतलं कव्हर उतरवलंही होतं.

आधी काचेचं बोलू, कारण इथे जिवाशी गाठ आहे. टफन्ड काच कापता येत नाही. कापणं, कडा घासणं, भोकं पाडणं हे सगळं आधी होतं. मग काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटक्यात थंड करतात. तिचा पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि गाभा ताणाखाली. कापायला गेलात की अख्ख्या काचेचा बारीक खड्यांचा ढीग होतो. म्हणजे काचवाल्याने तुमच्यासमोर कापून दिली आणि ती शाबूत राहिली, तर ती टफन्ड नव्हतीच! साधी काच फुटते तेव्हा सुऱ्यासारखी लांब पाती निघतात, आणि दाराच्या काचेशेजारी असते आपली मान. गाड्यांच्या काचांसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ४३ आहे. त्याच्या चाचणीत टफन्ड काच मुद्दाम फोडतात आणि ५ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनात किमान ४० तुकडे व्हावे लागतात. तुकडे जितके बारीक, तितकी इजा कमी. भाच्याला म्हटलं, पोलराइज्ड गॉगल लावून टफन्ड काचेकडे तिरकं बघ, ठिपके-पट्टे दिसतील. ती त्या ताणाचीच खूण.

‘शोभेची काच’ म्हणे! गाड्यांचे सांगाडे बनवणाऱ्या फिशर बॉडीने १९३३मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांना ही उघडणारी काच दिली ती आत हवा खेळावी म्हणून. १९६७च्या शेवरोले कॅमॅरो गाडीला ती होती. १९६८मध्ये काढली, पण सोबत डॅशबोर्डातून ताजी हवा आत घेणारी ‘ॲस्ट्रो व्हेंटिलेशन’ व्यवस्था दिली. ज्या गाडीत तशी सोयच नाही, तिथे ही काच काढून हवा कुठून आणणार?

रेग्युलेटरचंही तेच. ती उभी पट्टी म्हणजे काचेच्या पुढच्या कडेचा चॅनल. त्याच्या आतल्या फेल्टमधून, म्हणजे मऊ अस्तरातून, कड वर-खाली सरकते. पट्टी गेली की ती कड अधांतरी. शिवाय काच पुढे वाढते. ५ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. वाढलेलं वजन पुढच्या टोकाला येतं आणि रेग्युलेटरचा उचलणारा हात जुन्याच जागी. काच नाक खाली घालते, तिरकी होऊन अडकते.

आवाजाचं मात्र थोडं खरं आहे. तिकोनी काचेचं रबर कडक झालं की शिट्टी वाजते, पाणी झिरपतं. पण मग रबर बदला की! आणि अखंड काचेचे चांगले संच काही गाड्यांना मिळतात, उदाहरणार्थ १९६७ ते १९७२च्या शेवरोले सी-१० पिकअपला. त्यांत त्याच दारासाठी घडवलेली काच येते, पुढच्या कडेची सोयही येते. मजकुरात यातलं अक्षर नाही.

भाच्याने दाराचं कव्हर अजून लावलेलं नाही. रविवारी दोघं मिळून तिकोनी काचेचं जुनं रबर काढणार आहोत.