कडी लावायची नाही, अन् चोराच्या नावानं बोटं मोडायची

सकाळी साडेसहाला सरांचा फोन. "अरे, कॉलेजची साइट काळी झाली बे!" रात्रभर उकाड्यात तळमळून नुकता कुठे कूलरसमोर डोळा लागला होता, तोही गेला.

उघडून बघितलं. काळं पान, हिरवी अक्षरं, मधोमध कवटी आणि मागे ठणठण वाजणारं गाणं. काल जिथे परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख होती, तिथे कुणा पोरट्याची सही. अकरा दिवसांतली ही दुसरी खेप!

ऑफिसात एकच सूर, "पाकिस्तानी असतील." असतील ना बाप्पा! एप्रिल 2017 मध्ये दिल्ली विद्यापीठ, आयआयटी दिल्ली, अलीगढ यांच्या साइट्सवर असाच हात फिरला होता. पण तुमच्या-माझ्या कॉलेजसाठी कोणी रात्र जागत नाही. एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, इंटरनेटवर दारोदार फिरते आणि कुणाची कडी सैल आहे ते चाचपते. आमच्याकडे तर कडीच नाही.

मागच्या वेळी काय केलं? होस्टिंगवाल्याकडून जुना बॅकअप चढवला, चहा घेतला, विषय संपला. या वेळी मी आधी फोल्डर उपसले. माजी विद्यार्थी मेळाव्याचे फोटो टाकायचा 2019 चा एक फॉर्म अजून चालू. लॉगिन नाही, तपासणी नाही, काहीही टाका. ग्रुप फोटोंच्या गर्दीत एक फाइल सापडली, नाव फोटोसारखं, शेपूट पीएचपीचं, म्हणजे फोटो नव्हे, सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम. तारीख अकरा दिवसांपूर्वीची, वेळ रात्री 3:12. ती ब्राउझरमधून उघडली की साइटच्या सगळ्या फाइल्स हातात. म्हणजे बॅकअप वरून चढला आणि ही खाली तशीच बसून. पहिल्या वेळचा पाहुणा गेलाच नव्हता!

अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालूच द्यायचं नाही, ही चार ओळींची सेटिंग आहे हो. चार ओळी! मेळावा संपला की फॉर्म बंद करायला तर तेवढ्याही लागत नाहीत. आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड? कॉलेजचं नाव, पुढे वन टू थ्री. मॉनिटरवर चिकटवलेला, कॅन्टीनवाल्यालाही पाठ. ओटीपी लावू म्हटलं तर "रोज रोज कोण टाकेल?"

साइट ज्या सॉफ्टवेअरवर उभी आहे ते वर्डप्रेस कधीचं आहे ते तर विचारूच नका. जानेवारी 2017 मध्ये 4.7.2 आलं, त्यात एका मोठ्या भोकाची दुरुस्ती होती, फुकट. ज्यांनी लावली नाही त्यांची लाखो पानं काही दिवसांत रंगवली गेली. त्यातून आम्ही शिकलो काय, तर होमपेजवर लुकलुकणारं 'न्यू' लावायला. त्याला पैसे होते. उद्घाटनाच्या शाल-श्रीफळालाही होते. देखभालीच्या कराराचं नाव काढलं की, "साइट तर बनली ना, आता कशाचे पैसे?"

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल 2022 चे निर्देश आहेत. वेबसाइट अशी विद्रूप झाली तर कळल्यापासून 6 तासांत कळवायचं, लॉग, म्हणजे कोण कधी आलं-गेलं त्याच्या नोंदी, 180 दिवस ठेवायचे. आमचा होस्टिंगवाला म्हणतो, आठवड्याचेच राहतात. म्हणजे चोर आला त्या रात्रीचा मागमूसही गेला. तरी कळवू म्हटलं, तर सर दबक्या आवाजात, "बोंबलू नको, कॉलेजला ग्रेड देणारी नॅकची टीम येऊन राहिली आहे."

अन् तिकडे खिडकीवर भंडाऱ्याहून एसटीनं आलेली पोरगी फॉर्मसाठी उभी. बाबू मान वर न करता, "लिंक फेल आहे, उद्या या." तिची तारीख आज संपते, हे त्याला कोण सांगणार?

मी दुपारीच अपडेट आणि त्या सेटिंगसाठी लेखी अर्ज टाकला, तोंडी काही चालत नाही म्हणून. संध्याकाळी परत आला. वर लाल शाईत शेरा, 'तीन कोटेशन जोडावेत.' फुकटाचं कोटेशन! सांगा ना, सीताबर्डीत कोणत्या दुकानात मिळतं?