हजर, गैरहजर आणि वाटेत

हजेरीपट ज्यानं कुणी छापायला दिला असेल, त्याच्या घरात लहान मूल नसावं. एका मुलाच्या एका दिवसासाठी त्यानं नखाएवढी एकच चौकट ठेवली आहे. मूल हजर असेल तर तिरपी रेघ ओढायची, नसेल तर लाल शाईनं ‘गै’ लिहायचं, विषय संपला. पण माणदेशातल्या आमच्या दोन शिक्षकी शाळेत सकाळी साडेदहाला मूल हजरही नसतं आणि गैरहजरही नसतं. ते वाटेत असतं. आणि ‘वाटेत’ लिहायला त्या चौकटीत जागा नाही.

वाटेत म्हणजे नेमकं कुठं, याचा मी चांगला अभ्यास केला आहे. माळावरच्या वस्तीवरून शाळेत यायला मोठ्या माणसाला दहा मिनिटं लागतात. चौथीतल्या एकाला पन्नास लागतात, कारण तो नुसता चालत नाही, पाहणी करत येतो. कुणाच्या विहिरीत मोटर सोडायचं काम चाललं असेल तर ती बुडेपर्यंत हा काठावर उभा. जेसीबी दिसला तर त्या दिवशी आपण त्याची आशाच सोडायची. अकराच्या सुमाराला हात मागं बांधून तो फाटकातून आत येतो आणि आधी वर्गावरून एक नजर फिरवतो. पोरांनी त्याला ‘तहसीलदार’ हे नाव ठेवलंय. हजेरी घेताना परवा माझ्याही तोंडून तेच निघालं. तो शांतपणे म्हणाला, “हजर, बाई.”

काही वेळा दप्तर येतं आणि मूल येत नाही. थोरली बहीण दोन्ही खांद्यांना दोन दप्तरं अडकवून येते, त्यातलं एक भावाच्या जागेवर ठेवते आणि सांगते, “त्यो येतुय बाई, दप्तर म्होरं लावून दिलंय.” यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा प्रकार. आता या दप्तरापुढं रेघ ओढायची की ‘गै’ लिहायचं?

उशिराची कारणं मी पूर्वी वहीत लिहून ठेवत असे. पुढं वही भरली. बेंदराच्या आधी दोन दिवस बैलाची शिंगं रंगवायची असतात आणि नंतर दोन दिवस हाताचा रंग निघत नसतो. सुगीत धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं. ही कारणं खरी असतात, त्यावर मी काही बोलत नाही. पण तिसरीतल्या एकाची म्हैस एका महिन्यात आठ वेळा सुटली, तेव्हा मात्र मी शाळा सुटल्यावर त्याच्या वस्तीवर गेले. म्हणलं दाव्याला काही इलाज करता येईल का बघू. त्याची आई तोंडाला पदर लावून म्हणाली, “म्हस? ती तर आमी दिवाळीलाच इकली की वो बाई.” दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा उशिरा. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे.

“शेजाऱ्याची सुटली हुती, बाई.”

हे सगळं मी सोसलं असतं, पण हजेरीला भात जोडलेला आहे. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलामागं दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. हजेरी झाली की स्वयंपाकाच्या मावशी वाटी घेऊन दारात उभ्या राहतात आणि विचारतात, “किती टाकू?” आमचा पट २६. साडेदहाला वर्गात डोकी १४, म्हणजे एक किलो चारशे ग्रॅम. आणि जेवणाच्या सुट्टीत ओळीनं ताटं घेऊन बसतात २२. मधली आठ डोकी कुठून उगवतात ते विचारू नका; काही तर ताट-वाटी वाजवतच फाटकातून आत येतात.

या शाळेवर आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मी तत्त्वानं वागले. १४ म्हणजे १४. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी आमटीत पाणी वाढवलं, सगळ्यांना अर्धी अर्धी पळी भात वाढला आणि उरलेल्या रिकाम्या पातेल्यासकट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी माझा घरचा डबा मला गिळेना.

तेव्हापासून उलटं झालंय. आता मीच मावशींना विचारते, “मावशी, आज किती?” त्या भांडी विसळता विसळता सांगतात, “एकवीस टाकू. माळावरची सा येत्याल आकरापतूर, त्येंच्याकडं आज मेंढरं कातरायची हायती, ती बघून येत्याल. खालच्या आळीला सत्यनारायण हाय, तितली तिगं शिरा खाल्ल्याबिगर न्हाईत उठायची. आन् तुमचा तहसीलदार जेवायलाच यील.” आणि २१ च होतात. मावशींची स्वतःची शाळा तिसरीत सुटली. अलीकडं हजेरीही रोज मोबाईलवरून पाठवायची असते, आणि आमच्याकडं रेंज येते ती शाळेमागच्या पाण्याच्या टाकीवर. मुलं वर्गात हजर आहेत हे कळवायला मला रोज दहा मिनिटं वर्गातून गैरहजर राहावं लागतं. मावशींना टाकीवर चढावं लागत नाही.

हजेरीवर त्यांचा राग मात्र जुना आहे. १९९२ साली सरकारनं मागास घटकांतल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. पहिली ते चौथीच्या मुलीला हजर दिवसाचा एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२०. पुढं मावशींची लेकही त्यात बसली. “पैसं यायचं सावकाशीनं,” मावशी सांगतात, “पर पोरगी रोज सकाळी हात म्होरं करायची. शाळंत गेलं की रुपया मिळतुय म्हणून गुर्जींनीच सांगितल्यालं. मंग काय, रोजचा रुपया मीच दिला. सरकारला उसनं दिलंय म्या.”

माझ्या पोटात गोळा येतो तो ‘पट’ या शब्दानं, आणि तोही २०११ पासूनचा. त्या वर्षी ३ ते ५ ऑक्टोबरला, पटावरची मुलं खरोखर आहेत का ते मोजायला, राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावत होते, मतदानाला लावतात तशी. मी तेव्हा दुसऱ्या गावात होते, नोकरीत नवी. रात्रभर झोप नाही, की उद्या कोण येतंय आणि कोण नाही. पण शाईची बातमी गावात पसरली आणि दहाच्या आधी शाळा गच्च. अंगणवाडीतली दोन पोरंही रांगेत बोट वर करून उभी, आणि त्यांना बाजूला काढलं तर त्यांनी असा टाहो फोडला की शेवटी माझ्या पेनानं त्यांच्या बोटाला निळा ठिपका लावावा लागला. संध्याकाळी पहिलीतल्या एकानं घरी जाऊन बोट दाखवलं आणि ‘मत दिलं’ म्हणून सांगितलं. आजीनं विचारलं, “कुणाला रं?” तो म्हणाला, “बाईंना.”

फेब्रुवारी २०२४ मध्ये, मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारनं ठरवलं. पुण्यामुंबईच्या मुलांसाठी ते योग्यच असेल. आमच्या मुलांची झोप पहाटे पाचला म्हशीच पुरी करतात. पण तहसीलदारानं ती बातमी टीव्हीवर ऐकली होती. त्या शनिवारी शाळा सकाळची, तर हा सव्वानऊला आला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, “बाई, लवकर यायला सरकारनं बंदी घातलीया.”

असो. आता माझं सांगते, कारण ते लपणार नाहीच.

मी तालुक्याच्या गावाहून वडापनं, म्हणजे शिटा भरून नेणाऱ्या खासगी जीपनं येते. वडापला वेळापत्रक नसतं, ती भरली की निघते. त्या मंगळवारी नऊ माणसं बसली होती आणि ड्रायव्हर टपरीपाशी उभा राहून ‘आजून दोन शिटा’ म्हणत होता. एक शीट मिळालं, तर आतलं एक कंटाळून उतरून गेलं. असं दोनदा झालं. आमचे मुख्याध्यापक त्या दिवशी प्रशिक्षणाला गेलेले, त्यामुळं शाळेला दुसरं कुणी नाही. मी फाट्यावर उतरले तेव्हा अकराला पाच कमी होते. तिथून चालत, निम्मं पळत शाळेपाशी आले तर लिंबाखाली आमच्या भागातल्या शाळा तपासणाऱ्या केंद्रप्रमुख साहेबांची मोटारसायकल.

शाळा चिडीचूप होती, हेच पहिलं भयंकर. आत पाहिलं तर २४ मुलं ओळीत बसलेली. २४! अकरा वाजता हा आकडा मी या शाळेत कधीच पाहिला नव्हता. तहसीलदारसुद्धा पहिल्या रांगेत, मांडी घालून. सगळ्या शाळेत लसणाच्या फोडणीचा वास दरवळत होता. साहेबांची गाडी ओढ्यापाशी दिसल्याबरोबर मावशींनी चूल पेटवून दोन तास आधीच फोडणी टाकली होती. त्या वासानं माळावरची, ओढ्यातली, चिंचेवरची, होती नव्हती तेवढी पोरं जेवण लवकर आहे असं समजून पळत आली होती. प्रार्थना, प्रतिज्ञा, सगळा परिपाठ बालमंत्रिमंडळाच्या मुख्यमंत्रीण बाईंनी, म्हणजे चौथीतल्या एका वेणीवालीनं उरकला होता. साहेब फळ्यासमोर उभे होते. फळ्यावर तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

पट २६
हजर २४
गैरहजर २
बाई वाटेत

साहेबांनी शेरेबुक मागवलं आणि ‘विद्यार्थी उपस्थिती उत्तम’ असं लिहिलं. मग पेन तसंच उघडं धरून माझ्याकडे पाहिलं. “बाई, उशीर?”

पंधरा वर्षांपेक्षा जास्त नोकरीत मी शेकडो कारणं ऐकली, वहीत उतरून घेतली. त्या क्षणी एक आठवेल तर शपथ. मी खरं तेच सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिसरीतल्या त्यानं मागच्या ओळीतून मला धीर दिला. “म्हस सुटली म्हणा, बाई.”

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. शेरा काही लिहिला नाही. खिडकीबाहेर बघत हसू दाबत होते की खोकत होते, ते अजून मला कळलेलं नाही.

त्यांची गाडी ओढा उतरून गेल्यावर मावशी पदराला हात पुसत दाराशी आल्या. मला वाटलं धीराचं काही बोलतील.

“बाई,” त्या म्हणाल्या, “तेल पोरामागं पाच ग्राम बसतंय. आज दोनदा फोडणी झाली. ही पयली कशात धरायची?”