वासोटा आणि बाकीचे आठ जण

वासोट्याला लोक ट्रेक म्हणतात ते निव्वळ सवयीने. खरं तर तो सरकारी कामाचा दिवस; मधल्या सुट्टीत गड चढायला मिळतो.

साताऱ्याहून कासमार्गे बामणोली गाठायची. पुढे रस्ता संपतो आणि शिवसागर जलाशय सुरू होतो. बोटीचं भाडं माणशी नाही, अख्ख्या बोटीचं. त्यामुळे चौघंच आलेल्यांना धक्क्यावर सकाळी सकाळी अनोळखी माणसांबद्दल एकदम जिव्हाळा दाटून येतो. "तुम्हीपण वासोटा का?" असं विचारत आठ जण जमवायचे. जमले की त्यातल्या एकाचं ओळखपत्र हमखास गाडीत राहिलेलं असतं आणि गाडी पार वर लावलेली असते. वनखात्याच्या परवान्यासाठी सगळ्यांची नावं-वयं एका कागदावर घरूनच लिहून आणावीत, निदान तुमच्या बाजूने तरी उशीर नको.

दीड तासाच्या बोटीत पहिली दहा मिनिटं फोटो, मग झोप.

मेट इंदवलीला उतरलं की वनखात्याची चौकी. २०१० पासून हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, पण इथली खरी दहशत वाघाची नाही, प्लॅस्टिकची. पाठपिशव्या उघडतात. बाटल्या, वेफर्सची पाकिटं, आईने केळ्यांना गुंडाळलेली पिशवीसुद्धा मोजली जाते, आकडा वहीत चढतो, अनामत घेतात. परत येताना तितकेच नग दाखवायचे. मग वाटेत बिस्किटाचा पुडा फोडताना चार सुशिक्षित माणसं त्याच्या रिकाम्या कागदाकडे गहाण दागिन्यासारखी बघतात. स्टीलचा डबा आणि धातूची बाटली नेणारा माणूस चौकीतून दोन मिनिटांत सुटतो. पाणी मात्र माणशी दोन-तीन लिटर लागतंच.

चढ सोपा आहे असं सांगणारे मित्र बदलावेत. सुरुवातीच्या ओढ्यापर्यंत बरं चाललेलं असतं, मारुती-गणपतीला नमस्कार झाला की वाट जी उभी होते ती नागेश्वरच्या गुहेकडे जाणाऱ्या फाट्यानंतरही दया दाखवत नाही. चढायला दोन तास धरा, उतरायला दीड, माथ्यावर एक. त्यात माथ्यावरून दिसणाऱ्या बाबूकड्यासमोर पाऊण तास कसा जातो कळत नाही. म्हणजे बामणोलीहून आठला निघालं तर हिशोब बसतो. दहाला निघणाऱ्यांनी माथ्याला हात लावून परतावं. कारण बोटवाले काका वेळ एकदाच सांगतात आणि वर मोबाइलला रेंज नाही. उशीर झाला तर ते काही बोलत नाहीत. बाकीचे आठ बोलतात.

मुक्कामाची सोय नाहीच, परवानगीच नाही. १६६१ मध्ये राजापूरच्या वखारीतले इंग्रज धरले, त्यातल्या काहींना इथे कैदेत ठेवलं होतं. त्यांची सगळी खटपट बाहेर पडायची. आपण पैसे भरून आत येतो आणि संध्याकाळच्या आत बाहेर काढले जातो.

पावसाळ्यात जंगल बंद. पण उघडल्या उघडल्या पहिल्या शनिवारी धावणाऱ्यांसाठी ओल्या पाचोळ्यात जळवा ताटकळत असतात. लांब मोजे घालून पँट त्यांत खोचावी, शक्यतो थांबू नये, चिकटलीच तर मीठ टाकावं. तरीही एखादी बुटातून चौकीपर्यंत येते, आणि तिथे तिला कोणी मोजत नाही.