कॅनवरचा निळा रंग म्हणजे विष नाही, खुलासा वाचा

आमच्या कोथरूडच्या सोसायटी ग्रुपवर कालपासून एक मेसेज फिरतोय की फ्रीजमध्ये ठेवल्यावर कॅनवरचं चित्र निळं झालं तर आतलं ड्रिंक खराब झालंय, लगेच फेकून द्या. हे साफ चुकीचं आहे!

त्या चित्राची शाई थर्मोक्रोमिक, म्हणजे तापमानानुसार रंग बदलणारी असते. त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक कॅप्सूल असतात, प्रत्येकीत रंगद्रव्य, सौम्य आम्ल आणि मेणासारखा एक पदार्थ. गार झालं की तो पदार्थ गोठतो, रंगद्रव्य आणि आम्ल एकत्र येतात आणि रंग दिसतो, गरम झालं की तो वितळतो आणि रंग जातो, बस इतकंच. अमेरिकेत कूर्स लाइट या बिअरच्या बाटलीवरच्या चित्रातले डोंगर २००७ पासून असेच निळे होतात.

मी स्वतः गार कॅनवर अंगठा दाबून धरला तर तेवढाच ठसा पांढरा पडला आणि थोड्या वेळाने परत निळा झाला. खराब झालेलं ड्रिंक असं परत चांगलं होईल का, सांगा बरं?

शाई बाहेरून छापलेली असते, आतल्या ड्रिंकला लागत नाही. आणि उलटंही लक्षात घ्या, निळा रंग म्हणजे ताजं असंही नाही, फक्त गार. तारीख कॅनच्या बुडाला बघा, आणि प्लीज तो मेसेज आजी-आजोबांना पाठवू नका, उगाच घाबरतात हो.