गंगावेशीचं दूध आणि स्टेरॉइडची गोळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

‘डॉक्टर नसताना ज्ञान पाजळू नका. गंगावेशीच्या दुधावर वाढलेल्या कोल्हापूरकरांना घाबरवू नका. आमच्या वडिलांना दम्याचं स्टेरॉइड चालू असतानाच इम्प्लांट बसलंय, दगडासारखं आहे,’ असं तुम्ही माझ्या लेखाखाली लिहिलंत. लेखात मी म्हटलं होतं, स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर दाताचं इम्प्लांट, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचं टायटॅनियमचं मूळ, घालण्याआधी दातांच्या डॉक्टरांना सांगा. वडिलांचं चांगलं झालं, आनंद आहे. दम्याचा पंप आणि पोटातली गोळी सारखी नाही, पंपातून अंगात फार कमी उतरतं, एवढं मान्य.

पण ‘ज्ञान पाजळू नका’ हे काय बोलणं झालं? तिखट बोलणं कोल्हापूरला नवं नाही, पण अनोळखी माणसाला पहिल्याच वाक्यात?

डॉक्टर नाही मी. पण आईचं सगळं डोळ्यांनी बघितलंय. तिच्या सांधेदुखीवर एक जण कागदाच्या पुडीतून पांढऱ्या गोळ्या द्यायचा. सूज उतरायची, आई खूश. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, औषधं कसली चालू आहेत? ती म्हणाली, फक्त बीपीची. पुडीतली गोळी तिच्या लेखी औषधच नव्हती. वरच्या जबड्यात इम्प्लांट घातलं, महिने गेले, आणि वरचा भाग बसवायला स्क्रू पिळला तसं अख्खं इम्प्लांट जागेवर फिरलं. दुखलंसुद्धा नाही. एक्स-रेत त्याच्याभोवती बारीक काळी रेघ. हाडानं धरलंच नव्हतं. पुढं तिचा गोल सुजलेला चेहरा बघून फिजिशियननी पुडी मागवली, तेव्हा स्टेरॉइड कळलं.

आणि दुधाचं म्हणाल तर आमच्याही घरात कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचंच यायचं. स्टेरॉइडची गोळी रोज पोटात गेली की आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीवाटे जास्त जातं. हाड बांधणाऱ्या पेशी घटतात, हाड खाणाऱ्या जास्त टिकतात. टायटॅनियमला हाड चिकटायला साधारण ३ ते ६ महिने लागतात, आणि गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांतच हाड सर्वांत झपाट्यानं झिजतं. तिथं दूध किती पुरणार?

स्टेरॉइड घेणाऱ्याला इम्प्लांट बसतच नाही, असं मी कुठंही लिहिलेलं नाही. अनेकांना नीट बसतं. गोळीचं नाव, डोस आणि किती काळ चालू आहे हे दातांच्या डॉक्टरांना आधी सांगा, एवढंच लिहिलं होतं. हाडांसाठी ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक ॲसिड चालू असेल तर तेही सांगा, त्यानं जबड्याची जखम न भरण्याचा वेगळाच धोका असतो. आणि कुणीही गोळी स्वतःहून बंद करू नका. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.

तुमच्या बाकीच्या टोमण्यांना उत्तर देत बसत नाही. वडिलांचा पंप आहे की गोळी, किती मिलिग्रॅम, हे कळवा. मग पुढं बोलू.