विमान लेट झालं म्हणून बोंबलणाऱ्यांसाठी

आत्ता घरी पोचले. डोकं ठणकतंय, पण हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. मोठं होणार आहे, ज्यांना कंटाळा आहे त्यांनी आत्ताच पुढे सरका.

नागपूरहून पुण्याला येत होते, सकाळचं विमान. सगळे बसलो, पट्टे लावले, दार लागलं आणि मग नुसतेच बसून. वीस मिनिटांनी घोषणा झाली की टेक्निकल इश्यू आहे, इंजिनिअर बघतायत. पाऊण तासाने सगळ्यांना खाली उतरवलं. एकूण तीन तास गेले. वैताग आहे, नाही म्हणत नाही, माझीही एक मीटिंग गेली. पण गेटवर जे सुरू झालं ना! एक काका (काका कसले, माझ्याच वयाचे असतील) काउंटरवरच्या पोरीच्या तोंडासमोर मोबाईल धरून, "बोला, कॅमेऱ्यात बोला, भंगार विमानं उडवता की नाही?" पोरगी असेल बावीस-तेवीसची, गळ्यातलं आयकार्ड हातात घट्ट धरून उभी, तिला बिचारीला स्वतःलाच माहीत नाही काय बिघडलंय ते. मागून एकजण, "रात्रभर काय झोपले होते का तुमचे इंजिनिअर?" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मग कोणीतरी म्हणालं, "अहमदाबाद करायचंय का आमचं?" तेव्हा मात्र क्षणभर सगळे गप्प झाले.

अहमदाबादची भीती मलाही आहे. २६० माणसं गेली त्या दिवशी, आणि त्यानंतर विमानात बसताना पोटात खड्डा पडत नाही असं कोणी सांगत असेल तर मी विश्वास ठेवणार नाही. त्या अपघाताच्या प्राथमिक अहवालात इंधनाचे स्विच बंद झाल्याचं आलंय, मेंटेनन्सची चूक असं कोणी सिद्ध केलेलं नाही, पण आपल्याकडे सगळ्यांचं सगळं एका पिशवीत. असो. मुद्दा तो नाहीये.

मुद्दा असा की भंगार विमान उडवायचंच असतं तर उडवलं असतं ना! थांबवलं कशाला? कोणीतरी एक माणूस त्या विमानाखाली उभा राहून म्हणाला की नाही, मला हे पटत नाही, मी सही करणार नाही. आणि त्याच माणसाच्या नावाने तुम्ही शिमगा करताय.

मला हे एवढं का लागतं ते माझ्या जवळच्यांना माहितीय. बाकीच्यांसाठी सांगते.

१९९४ चा जुलै. मी सहावीत. डोंबिवलीला दोन खोल्या. बाबा सांताक्रूझला एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये टेक्निशियन, सेकंड शिफ्ट असली की दादरला गाडी बदलून घरी यायला साडेबारा व्हायचे. त्या रात्री पाऊस होता, गाड्या रखडलेल्या, एक वाजून गेला. आईने वरणभात गरम करून वाढला. मी गोधडीतून बघतेय. अर्धा भात संपला आणि बाबांचा हात ताटातच थांबला. आई म्हणाली, "काय हो, मीठ कमी आहे का?" बाबा म्हणाले, "माझी बॅटरी."

बॅटरी म्हणजे टॉर्च, आमच्याकडे बॅटरीच म्हणतात. आता गंमत बघा, हँगरमधला पाना, स्क्रू ड्रायव्हर काहीही घ्यायचं तर टूल क्रिबमध्ये (हत्यारांची खोली) आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा, शिफ्ट संपली की पाना परत, बिल्ला परत. एक जरी बिल्ला खुंटीला राहिला तरी विमान हलत नाही. पण बॅटरी बाबांची स्वतःची होती, दोन सेलवाली, घरून नेलेली. तिला बिल्ला नाही. म्हणजे ती विमानात राहिली तर जगात कोणाला कळणार नव्हतं, बाबा सोडून. आणि त्या संध्याकाळी ते पंखाच्या आतल्या भागात काम करून पॅनल, म्हणजे वरचं झाकण, लावून आले होते. आतून कंट्रोलच्या केबली जातात म्हणे, तिथे एवढीशी वस्तू जाऊन अडकली तर काय होईल ते त्यांनी आम्हाला कधीच नीट सांगितलं नाही.

तसेच उठले. हात पण धुतला नाही. समोरच्या काकूंकडे फोन होता, त्यांचं दार वाजवलं दीड वाजता. काकूंना वाटलं कोणी गेलं. बाबांच्या बोटांवर भात वाळलेला आणि ते फोनवर ओरडतायत (काकूंचा फोन, ओरडल्याशिवाय ऐकू जायचं नाही), "साहेब, पॅनल परत उघडा. हो, परत. माझी चूक आहे, माझी."

विमान पहाटेचं होतं. तीन तास लेट झालं. तेव्हाही लोकांनी आरडाओरडा केला असणारच, फक्त मोबाईल नव्हते.

आता ज्यांना वाटतं की चूक फक्त गाढव लोक करतात त्यांच्यासाठी. इंग्लंडमध्ये १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॅप्टनसमोरची काच १७,३०० फुटांवर उडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर. आतल्या लोकांनी पाय धरून ठेवले, को-पायलटने साउदॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन जगला, काही महिन्यांत परत उडवायलाही लागला. कारण काय? काच जेमतेम सत्तावीस तास आधी बदललेली. ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट जाडीला कमी. किती कमी? पाऊण मिलीमीटरसुद्धा नाही! आणि बदलणारा कोण, तर नवखा पोऱ्या नाही, रात्रपाळीचा मॅनेजर स्वतः. माणसं कमी होती म्हणून स्वतः हात घातला. स्टोअरवाल्याने सांगितलं होतं की अमुक नंबरचे लागतात, पण हा जुना बोल्ट हातात घेऊन दुसरीकडे अंधुक उजेडात त्याच्यासारखे दिसणारे शोधत बसला. म्हणजे आपण हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "याच्यासारखा द्या" म्हणतो ना, तसं. आणि ते काम दुसऱ्याने तपासायच्या यादीतच नव्हतं. ही गोष्ट बाबांना ट्रेनिंगमध्ये सांगितलेली, आणि घरी येऊन सांगताना ते हसले नव्हते. म्हणाले, "तो चांगला माणूस होता गं. चांगलाच माणूस होता म्हणून तर स्वतः काम करायला गेला."

हे वाक्य मी इतक्या वर्षांत विसरले नाही.

हो, मान्य, सगळेच बाबांसारखे नसतात. आणि मान्य की कंपन्या काही संत नाहीत. उलट आता लिहितालिहिता माझा राग तिकडे वळतोय. ५ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत पोर्टलंडहून उडालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या नव्याकोऱ्या विमानाचं दाराच्या जागी बसवलेलं झाकण हवेत उडालं. चार बोल्ट लावायचेच राहिले होते, बोइंगच्या कारखान्यातच. आणि ते झाकण कारखान्यात कोणी काढलं, कधी काढलं याचा कागदच नाही! कागद नाही? आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आला तरी वॉचमन वहीत लिहितो हो. बाबा म्हणायचे सही नाही म्हणजे काम झालंच नाही. इथे उलटं, काम झालं आणि सहीच नाही.

जपानचं तर विचारूच नका. १९७८ ला ओसाकाला उतरताना जंबोची शेपूट घासली, मागची, आतल्या हवेचं प्रेशर धरणारी भिंत दुरुस्त केली ती बोइंगच्याच माणसांनी. जिथे रिव्हेटच्या दोन ओळींनी भार घ्यायचा तिथे तो एकाच ओळीवर आला. वरून दिसायला ठीकठाक. सात वर्षं ते विमान उडत राहिलं, हजारो वेळा वर गेलं, खाली आलं. १२ ऑगस्ट १९८५ ला भिंत फाटली. ५२० माणसं गेली, चार वाचली. जपान एअरलाइन्सने पुढे २००६ मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर त्या विमानाचे अवशेष मांडून ठेवले, ती फाटलेली भिंतसुद्धा, आणि आपल्याच कर्मचाऱ्यांना तिथे नेऊन दाखवतात. उशीर झाला, वीस वर्षं लागली, पण दाखवतात तरी. आपल्याकडे कोणी दाखवेल? आपण अवशेषांवर ताडपत्री टाकू आणि चौकशी समिती नेमू.

तर बाबांच्या बॅटरीचं पुढे काय झालं. रात्री पॅनल उघडली, पंखाचा तो भाग पूर्ण पालथा घातला. सापडली नाही. मग अजून दोन पॅनल. नाही. शेवटी साहेबांनी दुसऱ्या माणसाकडून परत सगळं तपासून घेतलं, सही केली, विमान गेलं. बाबांना मेमो मिळाला. आणि ज्या इंजिनिअरने आधी सही केलेली होती, त्याला पण मिळाला, तो पुढे तीन महिने बाबांशी बोलला नाही, डब्याला वेगळा बसायचा. चार दिवसांनी बॅटरी सापडली. बाबांच्याच लॉकरमध्ये, रेनकोटच्या बाहीत.

म्हणजे चूक झालीच नव्हती. तीन तास लेट, दोन मेमो, एक मैत्री गेली, सगळं एका रेनकोटपायी. मी मोठी झाल्यावर विचारलं होतं, पश्चात्ताप झाला का हो. म्हणाले, "मेमो देताना साहेब म्हणाले पुढच्या वेळीही फोन कर. म्हणून केला असता. नसते म्हणाले तर नसता केला." एवढं सरळ. अमेरिकेत १९७६ पासून नासा एक यंत्रणा चालवते, पायलट, मेकॅनिक कोणीही आपली चूक गुपचूप कळवू शकतो आणि कळवली म्हणून सहसा त्याला धरत नाहीत. आमच्या साहेबांनी तेच एका वाक्यात केलं. माझा विमानावरचा विश्वास म्हणाल तर तो तिथे आहे, त्या साहेबांच्या वाक्यात. चुका होणारच नाहीत असं म्हणणाऱ्या कंपनीच्या विमानात मी बसणार नाही.

आज गेटवरून बाबांना फोन केला. चौऱ्याहत्तर वय, ऐकू कमी येतं. म्हणलं विमान थांबलंय, टेक्निकल. लगेच, "टेक्निकल म्हणजे काय?" म्हणलं तेवढंच सांगितलंय. तर चिडले! "टेक्निकल ते कळलं गं. हायड्रॉलिक आहे, सेन्सर आहे, टायर आहे, काय आहे? सांगायला काय जातं यांचं? लोक घाबरणार नाहीत तर काय करतील?"

मग मी जरा गप्प झाले. म्हणजे माझेच बाबा त्या काकांच्या बाजूने! पण खरंय की. "ऑपरेशनल रिझन", "टेक्निकल इश्यू", हे शब्द म्हणजे डॉक्टरने "जरा प्रॉब्लेम आहे" म्हणून निघून जाण्यासारखं आहे. अमुक सेन्सर चुकीचं रीडिंग दाखवतोय, बदलतोय, दोन तास लागतील, असं सांगितलं असतं तर निम्मे लोक चहा प्यायला गेले असते. तीन तासांत एकदाही कोणी सांगितलं नाही. त्या पोरीलाही सांगितलं नाही आणि तिलाच पुढे उभं केलं. तेवढ्यापुरतं काकांचं बरोबर. तेवढ्यापुरतंच हां. पोरीच्या तोंडासमोर मोबाईल धरायचा त्यांना काहीही हक्क नव्हता.

शेवटी बोर्डिंग सुरू झालं तेव्हा तीच पोरगी पास तपासायला. डोळे लाल. प्रत्येकाला गुड आफ्टरनून म्हणत होती. मी रांगेत ठरवलं होतं की काहीतरी बोलायचं, माझे बाबा हँगरमध्ये होते वगैरे, आणि माझा नंबर आल्यावर पास पुढे केला, तिने टिट् केलं, मी पुढे गेले.

काकांनी व्हिडिओ टाकलाय म्हणे. तुमच्यापैकी कोणाला दिसला तर मागच्या खुर्चीत निळ्या ओढणीतली एक बाई आहे, सगळं बघत गप्प बसलेली. ती मी.